पाचशेच्या आतल्या गावाचा हिशेब

खेड्यातल्या रस्त्याचा किंवा एसटीचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. तो करणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांच्याकडे आकडे असतात आणि सरकारी तिजोरीची खरी काळजीही असते. त्यांचं म्हणणं असं : पैसा मर्यादित आहे. तीनशे वस्तीच्या गावाला तीन किलोमीटर डांबर टाकायचं आणि तीन हजारांचं गाव ताटकळत ठेवायचं, हा उघड अन्याय. लोकसंख्या हा सगळ्यांत निःपक्षपाती निकष, कारण तो जात बघत नाही, पक्ष बघत नाही, आमदाराची सासुरवाडी कुठली तेही बघत नाही. एसटीलाही तोच न्याय. चार प्रवाशांसाठी पन्नास आसनांची गाडी धाडत राहिलं तर महामंडळ बुडेल. शिवाय आता घरोघरी मोटारसायकल आली, जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आणि लहान गावं तशीही ओस पडत चालली आहेत. जी गावं वीस वर्षांनी उरणारच नाहीत, त्यांना रस्ता कशाला?

हा युक्तिवाद कागदावर बिनतोड दिसतो. बुलढाणा जिल्ह्याच्या जमिनीवर ठेवला की त्याचे सांधे निखळू लागतात.

२०११ च्या जनगणनेनुसार हा जिल्हा २५ लाख ८६ हजार २५८ माणसांचा. त्यातली सुमारे ऐंशी टक्के खेड्यात राहणारी. तालुके तेरा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केलेत आणि इथली माणसं आपला पत्ता ‘घाटावरचे’ किंवा ‘घाटाखालचे’ असाच सांगतात. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग सगळा घाटाखाली : मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. जिल्ह्याचं ठाणं घाटावर आणि तिथे रेल्वे नाही. संग्रामपूरकडच्या माणसाला जिल्हाधिकारी कार्यालयात काम निघालं तर आधी पूर्णा ओलांडायची, मग शेगाव-खामगाव करत घाट चढायचा. अशा भूगोलात एखाद्या गावाला दळणवळणाची किती गरज आहे, हे त्या गावात किती डोकी आहेत यावरून कळतं, असं म्हणणं म्हणजे नकाशा न उघडताच प्रवासाचा बेत करणं.

निकषाचं मूळ आधी पाहू. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट प्रदेशात पाचशे आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या वस्त्यांना बारमाही रस्ता, तर डोंगरी राज्यं, वाळवंटी भाग आणि पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात हीच अट अडीचशेची. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही पाचशे आणि अडीचशे हे उंबरठे कायम आहेत, फक्त मोजणी २००१ ऐवजी २०११ ची धरली आहे. या योजनेने देशातल्या खेड्यांचं भलं केलं, यात वाद नाही. वाद उंबरठ्याशी आहे. चारशे नव्वद आणि पाचशे दहा माणसांच्या दोन वस्त्यांत गरजेचा फरक काय असतो? काहीच नाही. तरी एकीला डांबर मिळतं आणि दुसरीला ‘राज्याच्या योजनेतून बघू’ असं उत्तर.

मोजायला दुसरी पद्धतच नव्हती, असंही कुणी म्हणू नये. देशाचा पहिला वीस वर्षांचा रस्तेविकास आराखडा १९४३ मध्ये आपल्याच विदर्भात, नागपूरला भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरला. त्यातही लोकसंख्या होती. मात्र ग्रामीण रस्त्यांची एकूण लांबी काढण्याच्या त्या सूत्रात पाचशे किंवा त्याहून कमी वस्तीच्या प्रत्येक गावापोटी एक पंचमांश मैल धरला होता, पाचशे ते हजारच्या गावापोटी अर्धा मैल, दोन हजारांपर्यंत एक मैल आणि पाच हजारांपर्यंत दोन मैल. लहान गावाचा वाटा लहान होता, पण तो शून्य नव्हता. आणि त्या वाट्याच्या जोडीला अंतराची कसोटी होती : चांगल्या शेतीच्या प्रदेशातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये. परकीय सत्तेखाली, महायुद्ध चालू असताना बसलेल्या अभियंत्यांना जे सुचलं, ते स्वतंत्र देशाच्या नियोजनाला अवघड का वाटावं?

उंबरठ्याचा निःपक्षपातीपणा पाहायचा तर सातपुड्याच्या पायथ्याशी जावं. जळगाव जामोद तालुक्यातली भिंगारा, गोमाळ, चाळीसटापरी ही आदिवासी गावं डोंगरात आहेत. तोच सातपुडा पूर्वेकडे अमरावती जिल्ह्यात मेळघाट होतो. मेळघाट पाचव्या अनुसूचीत आहे, बुलढाणा जिल्ह्याचं एकही गाव त्या अनुसूचीत नाही. म्हणजे योजनेच्या मूळ नियमाप्रमाणे धारणी-चिखलदऱ्याकडच्या पाड्याला अडीचशे माणसं पुरली आणि त्याच डोंगररांगेतल्या बुलढाण्याच्या पाड्याला पाचशे लागली. दोन्हीकडे पाऊस तोच, चढ तोच आणि अडलेल्या बाळंतिणीला खाली आणायची तीच झोळी. बदलतं ते फक्त जिल्ह्याचं नाव. निकष माणसं मोजतो असं म्हणणाऱ्यांनी इथे तो नेमकं काय मोजतो ते सांगावं.

यापुढचा प्रश्न मोजणीच्या दिवसांचा. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. २००१ चीही याच दिवसांत. आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे प्रगणक पुन्हा फेब्रुवारीतच दारात येणार. आपल्या जनगणनेचा नियम असा की मोजणीच्या संपूर्ण काळात जो घरी नव्हता, तो घरच्या यादीत येत नाही, जिथे असेल तिथे मोजला जातो. आता फेब्रुवारीत लोणार, सिंदखेड राजा, मेहकर पट्ट्यातल्या तांड्यांवरचे ऊसतोडीचे कोयते कुठे असतात? कारखान्याच्या परिसरात, कोप्यांमध्ये. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. जोडपी जातात, लहान मुलं सोबत जातात, मागे म्हातारी माणसं आणि शेजाऱ्याच्या भरवशावर ठेवलेली जनावरं राहतात. सातपुड्यातून मजुरीला उतरणाऱ्यांचंही असंच. वर्षातल्या सर्वांत रिकाम्या महिन्यात गाव मोजायचं, त्या आकड्यावर दहा-पंधरा वर्षांचा रस्ता ठरवायचा आणि मग ‘गावात माणसंच नाहीत’ म्हणायचं, हा हिशेब प्रामाणिक कसा? पावसाळ्यात, चिखल गुडघ्यापर्यंत असतो तेव्हा, हीच माणसं गावात असतात. रस्त्याची खरी गरज त्यांना त्याच महिन्यांत असते.

‘जोडलेलं गाव’ या शब्दांतही असाच कावा आहे. योजनेच्या नियमात बारमाही रस्त्यापासून पाचशे मीटरच्या आत असलेली वस्ती न जोडलेली धरली जात नाही. डोंगरी भागात हे अंतर दीड किलोमीटर. पूर्णाकाठच्या काळ्या चिकण जमिनीत पाचशे मीटर म्हणजे काय, हे जुलैमध्ये पायतण हातात घेऊन चाललेल्याला विचारावं. २०२३ च्या जुलैमध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पूर आला तेव्हा कागदावर जोडलेली किती गावं प्रत्यक्षात तुटली, तेही इथल्या लोकांनी पाहिलं आहे.

आता ‘चार प्रवाशांसाठी गाडी कशाला’ या प्रश्नाकडे येऊ. एसटीच्या भाषेत याला भारमान म्हणतात : आसनांच्या मानाने प्रवासी किती. भारमान कमी म्हणून फेरी बंद, हे वाक्य बुलढाणा विभागातल्या सरपंचांना पाठ झालं असेल. पण भारमान फेरीचं काढतात, गरजेचं काढत नाहीत. सकाळी सहाची गाडी साडेआठला येऊ लागली की दूधवाला, शाळकरी मुलगी आणि दवाखान्याचा रुग्ण तिच्यावर विसंबणं सोडतात. भारमान पडतं. पडलं म्हणून आणखी एक फेरी कापली जाते. मग उरलेले प्रवासीही काळी-पिवळीत बसतात आणि कागद सांगतो की या गावाला गाडी नकोच होती. अनियमित सेवेने घटवलेली मागणी पुरावा म्हणून दाखवायची, हा उलटा न्याय आहे.

आणि हेच महामंडळ मनात आणलं की लोकसंख्या बाजूला ठेवू शकतं. बुलढाणा तालुक्यातल्या पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या यात्रेला होळीच्या सुमारास लाखोंची गर्दी होते, तेव्हा एसटी जादा गाड्या सोडते. सिंदखेड राजाला १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी गाड्या धावतात. शेगावची वस्ती साठेक हजारांची, पण तिथे थांबणाऱ्या रेल्वेगाड्यांचा विचार कुणी वस्तीवरून करत नाही, गजानन महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्यांवरून करतं. हे सगळं योग्यच आहे. यातून सिद्ध एवढंच होतं की माणसं किती राहतात यापेक्षा माणसांना किती वेळा कुठे जावं लागतं, हा प्रश्न वाहतुकीचा खरा प्रश्न आहे आणि तो व्यवस्थेला चांगला समजतो. भाविकांच्या बाबतीत समजतो, रुग्णांच्या बाबतीत मात्र तिला लोकसंख्या आठवते.

रुग्णांचा उल्लेख उगाच केलेला नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा हा पूर्णेचा खारपाणपट्टा. इथल्या भूजलातला क्षार आणि मूत्रपिंडाचे आजार यांची चर्चा विदर्भात वर्षानुवर्षं चालू आहे. डायलिसिसवर असलेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालय गाठावं लागतं. म्हणजे एकट्या रुग्णाच्या वर्षाला शंभर ते दीडशे जाण्याच्या आणि तितक्याच येण्याच्या खेपा, तेही सोबत घरातलं एक माणूस घेऊन. तीनशे वस्तीच्या गावात असे तीन रुग्ण असले तर त्या गावाची प्रवासाची गरज एखाद्या धडधाकट हजार वस्तीच्या गावापेक्षा अधिक निकडीची ठरू शकते. लोकसंख्येच्या रकान्यात हे तिघं फक्त तीन असतात.

कायद्याचा दाखला देणारेही भेटतात. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याचं बाविसावं कलम महामंडळाने व्यापारी तत्त्वांवर चालावं असं सांगतं, हे खरं. पण त्याच कायद्याचं अठरावं कलम महामंडळावर कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि नीट समन्वय असलेली सेवा पुरवण्याचं कर्तव्य टाकतं. ‘पुरेशी’ हा शब्द वगळून उरलेलं कलम वाचायची मुभा कुणालाही नाही. आणि व्यापाराच्याच भाषेत बोलायचं तर गावातून तालुक्याला आलेला प्रवासी तिथून पुढे अकोल्याची, संभाजीनगरची, पुण्याची लांब पल्ल्याची एसटी धरतो. गावची फेरी तुटली की तो काळी-पिवळीने येतो आणि पुढे खासगी ट्रॅव्हल्सने जातो. तोटा गावच्या फेरीच्या खात्यावर लिहिला जातो, तिने आणून दिलेला नफा दुसऱ्या मार्गाच्या खात्यावर. तेरा तालुक्यांना आगारं सात. लोणार, संग्रामपूर, मोताळा यांसारख्या तालुक्यांतल्या गावात पहाटेची गाडी पोचवायची तर ती दुसऱ्या तालुक्यातून रिकामी धावणार किंवा रात्री मुक्कामी ठेवावी लागणार. हा खर्च गावाच्या लहानपणामुळे होतो की आगारांच्या मांडणीमुळे?

सवलतींचाही विचार करावा. ७५ वर्षांवरच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. या सवलतींची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देतं. म्हणजे गावातली आजी, सून आणि नात या तिघी गाडीत बसल्या तर त्यांच्या भाड्याचा मोठा हिस्सा सरकारच भरतं. सरकारने सवलत दिली त्याच माणसांची गाडी सरकारच्याच महामंडळाने बंद करायची, तर ती सवलत नेमकी कुणाला? ज्या गावात गाडी येते, त्यांना. पाचशेच्या आतल्या गावातली आजी वृत्तपत्रात मोफत प्रवासाची बातमी वाचते आणि काळी-पिवळीला रोख पैसे मोजते.

मग मोटारसायकलचा मुद्दा. घरात मोटारसायकल असणं आणि ती घरातल्या प्रत्येकाच्या हाताशी असणं यांत फार अंतर आहे. ती बहुधा कर्त्या पुरुषाची असते, शेतावर किंवा कामावर गेलेली असते. अकरावीतली मुलगी ती घेऊन महाविद्यालयात जात नाही, सत्तरीची बाई ती चालवून बँकेत जात नाही. दहावीनंतर मुलीला घरी का बसवलं, असं विचारलं तर बापाचं उत्तर बहुतेक वेळा फीचं नसतं. गाडी कधी येते याचा नेम नाही, संध्याकाळी ती परत कशी येणार, हे असतं. मानव विकास कार्यक्रमात मुलींना शाळेत नेण्यासाठी वेगळ्या बसगाड्या सुरू कराव्या लागल्या, यातच मोटारसायकलच्या युक्तिवादाचं उत्तर सरकारने स्वतः देऊन ठेवलं आहे.

समृद्धीचा दाखला तर सर्वांत विनोदी. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग मेहकर, सिंदखेड राजा या घाटावरच्या तालुक्यांतून जातो आणि त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. त्यावर दुचाकीला, रिक्षाला, ट्रॅक्टरला प्रवेश नाही. चढ-उतार ठराविक ठिकाणीच. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या, त्यातल्या अनेकांना तो कुंपणापलीकडून दिसतो. या महामार्गाला पंचावन्न हजार कोटींहून अधिक खर्च आला, म्हणजे किलोमीटरला किमान ७८ कोटी. ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात ६२,५०० किलोमीटरसाठी ७०,१२५ कोटी आहेत, म्हणजे किलोमीटरला सव्वा कोटीच्याही आत. सहापदरी मार्ग आणि गावची एकपदरी सडक यांच्या खर्चाची बरोबरी कुणी करू नये, मीही करत नाही. मी विचारतो ते कसोटीबद्दल. समृद्धी मंजूर करताना वाटेवरच्या गावांची डोकी मोजली नाहीत. वाचणारा वेळ मोजला, उद्याची वाढ मोजली. मोठ्या रस्त्याला भविष्याचा हिशेब आणि लहान रस्त्याला पंधरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीचा, ही दोन मापं कुणी ठरवली?

या जिल्ह्याच्या इतिहासातही वाहतूक कधी लोकसंख्येच्या मागे गेलेली नाही. जलंबहून खामगावला जाणारा लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला तो वऱ्हाडच्या कापसासाठी. गाठी मँचेस्टरला जायच्या होत्या, म्हणून अवघ्या तेराएक किलोमीटरची शाखा टाकली गेली. आणि ती तिथेच थांबली. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. तो झाला तर घाटावर रेल्वे येईल, पण घाटावरच्या लाखो माणसांची संख्या इतक्या पिढ्यांत पुरेशी ठरली नाही. अलीकडे अकोला-खंडवा मार्ग मेळघाटातल्या वाघांना त्रास न देता न्यावा म्हणून संग्रामपूर-जळगाव जामोदकडून वळसा सुचवला गेला. झाला तर चांगलंच, आणि वाघ वाचवायलाच हवेत. पण त्या दोन तालुक्यांचं नाव रेल्वेच्या नकाशावर माणसांमुळे आलं नाही, एवढं तरी लोकसंख्यावाद्यांनी मान्य करावं. कापूस, भाविक, वाघ, वेगवान मोटारी, सगळ्यांसाठी वेगळे निकष लावता येतात. डोकी मोजायची आठवण नेमकी लहान गावाच्या वेळीच होते.

राहिला शेवटचा मुद्दा, गावं ओस पडत असल्याचा. ती पडतात हे खरं. पण ज्या गावातून बारावी करता येत नाही, बाळंतपणाला वेळेत पोचता येत नाही, भाजी बाजार उठायच्या आत नेता येत नाही, तिथून तरुण जोडपं उठून जातंच. लोकसंख्या घटली म्हणून रस्ता नाही आणि रस्ता नाही म्हणून लोकसंख्या घटली, या दोन वाक्यांतलं पहिलं सरकारी कागदावर येतं, दुसरं येत नाही. ज्यांना ही गावं खरोखरच मिटावीत असं वाटतं, त्यांनी तसं उघड म्हणावं, पुनर्वसनाचा आराखडा मांडावा आणि प्रत्येक कुटुंबाला जमीन-घर द्यावं. रस्ता न देऊन गाव मिटवणं हे नियोजन होत नाही.

पैसा मर्यादित आहे, हे मला मान्य. म्हणूनच तो कुठे आधी जावा याची कसोटी बदलायला हवी. एखाद्या वस्तीपासून प्रसूतीची सोय असलेलं रुग्णालय, बारावीपर्यंतची शाळा आणि बाजाराचं गाव पावसाळ्यात किती मिनिटांवर आहे, ते मोजा आणि ज्यांची मिनिटं सर्वाधिक त्यांना आधी रस्ता द्या. लोकसंख्या हवी तर दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना त्यांच्या मूळ गावच्या आकड्यात धरा, शिधापत्रिका आणि शाळेची पटनोंदणी त्यासाठी हाताशी आहेत. पाचव्या अनुसूचीत नसलेल्या सातपुड्याच्या गावांना डोंगरी अट लावा. एसटीचं भारमान एका फेरीवर न काढता गाव ते पुढचं ठिकाण अशा पूर्ण प्रवासावर काढा. आणि रस्ता असलेल्या प्रत्येक गावाला सकाळी एक जाणारी आणि संध्याकाळी एक येणारी गाडी बांधील ठेवा. ती बंद करायची असेल तर कारण लेखी, ग्रामसभेसमोर.

यातलं काहीही खर्चिक नाही, फक्त यामुळे नकार देणं अवघड होतं. लोकसंख्येचा निकष इतका लोकप्रिय आहे तो त्याच कारणाने : तो वापरला की कुणालाही निर्णयाची जबाबदारी घ्यावी लागत नाही, आकडाच नाही म्हणतो. बुलढाण्याच्या पाचशेच्या आतल्या गावांनी आता त्या आकड्याशी वाद घालत बसू नये. ज्यांनी तो उंबरठा आखला आणि जे दरवर्षी त्याच्या आडून उत्तरं देतात, त्यांना नाव घेऊन जाब विचारावा.